स्टँडवरचे आजोबा

आत्मा पेंटर घरातून गेले त्या मंगळवारी करंजगावच्या एसटी स्टँडवर त्यांच्या मुलीनं बनवलेले नऊ फ्लेक्स लागलेले होते, आणि त्या नवांवर मिळून त्रेचाळीस माणसं हसत होती. वाढदिवसवाले हसत होते, त्यांना शुभेच्छा देणारे हसत होते, पदावर निवड झालेले हसत होते आणि निवड व्हावी असं वाटणारेही. एका श्रद्धांजलीच्या फलकावरचा मयत माणूससुद्धा हसत होता, कारण घरच्यांकडे त्याचा दुसरा फोटोच नव्हता.

हे हसणं हलतं होतं. जिवंत फ्लेक्स तालुक्यात येऊन तीन वर्षं झाली होती. दिसायला साधं जाडसर कापड. पण त्याच्या धाग्यांमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगाच्या कुप्या असत. किंचित वीज मिळाली की कुपीतली पूड वर यायची किंवा खाली बसायची, आणि चित्र बदलायचं. वीज पुरवायला वरच्या कडेला सौरपट्टी, आणि खालच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणाएवढं भिंग. हे भिंग समोरून जाणाऱ्यांचे डोळे पाहायचं. किती जणांनी वर बघितलं, किती सेकंद बघितलं, कोण थांबलं, एवढंच ते मोजायचं.

सगळी करामत या मोजण्यात होती. पहाटे यंत्रणा मूळ चेहऱ्याचे बारा थोडे वेगळे चेहरे तयार करायची. एकाची पापणी केसभर खाली, एकाचा गाल जरा भरलेला, एकाचं ओठ उघडणं जरा सावकाश. दिवसभर ते आलटून पालटून दाखवायची आणि ज्याच्यासमोर लोक जास्त थांबले तो ठेवून बाकीचे टाकून द्यायची. दुसऱ्या पहाटे त्या एकाचे पुन्हा बारा. चांगलं कणीस बघून शेतकरी बियाणं राखून ठेवतो, तसंच. फरक इतकाच की शेतात वर्षाला एक पीक निघतं आणि इथं रोज निघायचं. सगळे फलक एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका गावात जमलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी चाळीस गावांत पोचायची. महिनाभरात कुठल्याही कार्यकर्त्याचा चेहरा असा व्हायचा, की त्याच्या बायकोनंही वळून बघावं.

ऋतुजा लोहारला हे सगळं फार आतून माहीत होतं. छत्तीस वर्षांची ऋतुजा पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत आठ वर्षं होती. तिथं ती कार्टूनमधल्या प्राण्यांच्या अंगावरचे केस वाऱ्यावर हलवायची. ते काम यंत्रं करू लागली, स्टुडिओ बंद झाला, त्याच सुमारास लग्नही मोडलं आणि ती आईवडिलांकडं करंजगावला परत आली. स्टँडसमोर तिनं 'लोहार आर्ट्स' हा गाळा टाकला आणि प्राण्यांऐवजी पुढाऱ्यांच्या डोक्यावरचे केस दाट करायला लागली.

वडील आत्माराम लोहार. साऱ्या तालुक्यात नाव आत्मा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, जत्रेतल्या तंबू टॉकीजची पोस्टरं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, सगळं त्यांनी हातानं रंगवलेलं. पहिला साधा फ्लेक्स आला तेव्हाच त्यांचे ब्रश वाळले होते. त्याबद्दल त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. मुलीच्या गाळ्यात येऊन बसायचे, पडद्यावरचे चेहरे बघायचे आणि म्हणायचे, अमक्याचा एक कान मोठा आहे, तो कान कुठं गेला? गिऱ्हाइकाला तो कान नकोच आहे, असं ऋतुजा सांगायची. 

दोन वर्षांपूर्वी त्यांची आठवण जायला लागली. आधी नावं गेली, मग रस्ते. तीस वर्षांपूर्वी पुऱ्या केलेल्या पाट्या अर्ध्या राहिल्यात असं त्यांना वाटायचं आणि ते त्या पुऱ्या करायला निघायचे. गाव ओळखीचं, कुणी ना कुणी त्यांना घरी आणून सोडायचं. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी चहा घेतला, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली, दवाखान्याची पाटी राहिली आहे म्हणाले आणि चपला घातल्या. त्यांची बायको शालन आत भाकरी थापत होती. ती बाहेर येईपर्यंत ते वळणापलीकडं गेले होते. दुपार झाली तरी कुणी त्यांना आणून सोडलं नाही.

पोलीस ठाण्यात हवालदार मुल्लाणींनी तक्रार लिहून घेतली. लहानपणी त्यांच्या बापाच्या सायकल दुकानाची पाटी आत्मा पेंटरनीच रंगवलेली, त्यामुळे त्यांनी खुणा मनापासून विचारल्या. ऋतुजानं सांगितल्या. नाक डावीकडं वाकलेलं, रंगवताना परांचीवरून पडल्यामुळं. डावी पापणी अर्धी मिटलेली. वरचा एक दात नाही. कान लांब. मुल्लाणींनी सगळं लिहिलं आणि म्हणाले, "ताई, फोटो चांगला द्या. लोकांना वाचायला वेळ नसतो, बघायलाच असतो."

फोटोचं तर तिचंच काम होतं. तीन तासांत फलक तयार झाला. गेल्या दिवाळीतला फोटो, खाली 'हरवले आहेत', नाव, वय, फोन नंबर. हरवलेल्या माणसांसाठी यंत्रणेत एक सोय होती: चेहऱ्याला लॉक लावता यायचा. लॉक लावला की यंत्रणा त्या चेहऱ्यात काही बदल करायची नाही. डोळे मिचकावणार, मान हलवणार, पण माणूस तोच. ऋतुजानं लॉक लावला. ओळखीपाळखीनं तीन तालुक्यांतल्या एसटी स्टँडवर, बाजारात, दवाखान्यांबाहेर चाळीस फलकांवर संध्याकाळच्या आत आत्मा पेंटर झळकले.

तीन दिवस ती आकडे बघत राहिली. आकडे म्हणजे लोक सरासरी किती सेकंद बघतात. पहिल्या दिवशी शून्य पूर्णांक आठ. दुसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक सात. तिसऱ्या दिवशी शून्य पूर्णांक सहा. शेजारच्या फलकावर युवा नेत्याचा वाढदिवस होता, त्याच्यासमोर लोक चार सेकंद उभे राहत होते. तो फलकही तिनंच केलेला. वाकड्या नाकाच्या, एका दाताची फट असलेल्या म्हाताऱ्याकडं कुणी बघत नव्हतं. त्यात लोकांचा दोष नव्हता. इतकी वर्षं रोज ताणून, उजळून, निवडून काढलेले चेहरे बघून बघून डोळ्यांना खरा चेहरा पचेनासा झाला होता, आणि ही सवय लावण्यात तिचाही हात होता.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिनं लॉक काढला. तिनं मनाशी हिशेब मांडला तो असा: चेहरा थोडा बदलेल, पण जास्त लोक बघतील, जास्त लोकांनी बघितलं तर त्यातला कुणीतरी ओळखेल. एरवी दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनंच त्याला नको म्हणून सांगितलं असतं.

रविवारपर्यंत सरासरी सहा सेकंदांवर गेली. मंगळवारी एकोणीस. एवढा आकडा तिच्या कुठल्याच कामाला कधी मिळाला नव्हता.

काय बदलतंय ते तिला दिसत होतं. नाक सरळ व्हायला लागलं होतं. पापण्या सारख्या झाल्या. दाताची फट बुजली. पांढऱ्या खुंटांची दाढी झाली, आणि ती दाढी वाऱ्यावर हलायला लागली. डोळ्यांत पाणी साठलं. ओघळायचं नाही, नुसतं चमकायचं. आणि ओठ असे थरथरायचे, की हे आजोबा आत्ता कुणाला तरी हाक मारतील. लोक त्या हाकेची वाट बघत उभे राहायचे. हाक कधीच यायची नाही, म्हणून तर ते उभे राहायचे.

मग लोकांनी मोबाइल काढले. 'स्टँडवरचे आजोबा' म्हणून रील फिरायला लागलं. त्याला कुणीतरी बासरी लावली, कुणीतरी डीजे लावला. आजोबांचे स्टिकर निघाले. सकाळच्या शुभेच्छांबरोबर ते पुण्यामुंबईत पोचले. कॉलेजच्या मुलांनी त्यांचा चेहरा टी-शर्टवर छापला. अमेरिकेतल्या एका बाईनं आजोबांकडं बघून सहा मिनिटं रडतानाचा व्हिडिओ टाकला आणि तिला रडताना बघून रडणाऱ्यांचे व्हिडिओ आले. ऋतुजाचा फोन दिवसभर वाजायचा. आजोबा नाशकात दिसले, गोव्यात दिसले. साताऱ्यातल्या एका निवृत्त मास्तरांना तर, दाढी पांढरी आणि डोळे पाणीदार असल्यामुळं, लोकांनी तीनदा पकडून पोलिसांत नेलं. चौथ्या वेळी त्यांनी दाढीच काढून टाकली.

त्याच मंगळवारी दुपारी शालन स्टँडवर आली. आठवडाभर ती घराचं दार सोडून हलली नव्हती. ते परत आले आणि घरात कुणी नसलं तर, ही तिची भीती. पण शेजारणीनं येऊन सांगितलं की तुमच्या माणसाला बघायला गर्दी जमली आहे, तेव्हा ती आली. ऋतुजा गाळ्यातून उठून तिच्याजवळ गेली. शालन गर्दीच्या मागं उभी राहून बराच वेळ वर बघत होती.

"हे कोण गं?" तिनं विचारलं.

"अण्णा."

"अण्णा नव्हंत हे."

ऋतुजानं तिला बाजूला घेऊन समजावलं. फलक कसा बघतो, कसा मोजतो, जे लोकांना थांबवतं ते कसं ठेवतो, सगळं सोप्या शब्दांत. आकडे सांगितले. शून्य पूर्णांक सहाचे एकोणीस झाले आहेत, म्हणाली. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"लोक थांबतात, पण ह्याच्यासाठी थांबतात," शालन म्हणाली. "तुझे अण्णा ह्यांच्या बाजूनं चालत गेले तरी कळायचं नाही ह्यांना. जुना लाव."

"जुन्याकडं कुणी बघत नाही, आई."

"एक जण बघेल की."

ऋतुजा चिडली. आठ दिवसांची झोप नव्हती, दिवसभर फोन. आपण इथं जिवाचं रान करतोय आणि तू नाकाचं काय घेऊन बसलीस, असं ती बोलली. शालन घरी गेली. जुना फोटो परत लावायला एक बटण दाबायचं होतं. ऋतुजानं त्यावर बोट नेलंही. मग तिनं आकडा बघितला. तो तेव्हा एकवीस झाला होता.

पुढचे दहा दिवस तसेच गेले. फोन येत राहिले, सगळे त्या दाढीवाल्या आजोबांबद्दलचे. वाकड्या नाकाच्या म्हाताऱ्याबद्दल एकही आला नाही.

अठराव्या दिवशी सकाळी ऋतुजा गाळ्यात बसून फलकांच्या नोंदी चाळत होती. आशा अशी काही उरली नव्हती, पण हाताला काम हवं होतं. तिला एक विचित्र गोष्ट दिसली. चेहऱ्यातला सगळ्यात मोठा बदल दहाव्या दिवशी, गुरुवारी झाला होता. त्या दिवशी कपाळावरच्या रेषा, डोळ्यांची खोली, मान कलती करून बघणं, सगळंच एकदम पालटलं होतं, आणि ते झालं होतं एकाच फलकामुळं. आंबेखिंडीचा स्टँड, इथून चाळीस किलोमीटर. तिथं एका बघणाऱ्याची नोंद होती चार तास दहा मिनिटांची.

एवढा वेळ कुणी फलकाकडं बघत नसतं. यंत्रणेला मात्र असा बघणारा म्हणजे पर्वणी. त्यानं तोंड फिरवू नये म्हणून तिनं त्याच्यासमोर चार तासांत शेकडो चेहरे करून बघितले होते, आणि ज्या चेहऱ्यानं त्याला धरून ठेवलं तो दुसऱ्या दिवशी सगळीकडं पाठवला होता. इतका वेळ बघणारा कुणी असला की शिकण्यासाठी भिंगातलं चित्रण महिनाभर राखून ठेवायची सोय होती. ऋतुजानं ते मागवलं. दहा मिनिटांत आलं. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर बस लागत होत्या.

चित्रणात आवाज नव्हता. फलकाच्या कोपऱ्यातून दिसणारा स्टँड, आणि समोर उभे अण्णा.

शर्टाची बटणं तशीच एक घर चुकलेली. दाढीचे खुंट, ओठ सुकलेले. एका पायात चप्पल नव्हती. ते वर बघत होते, त्या दाढीवाल्या आजोबांकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी उजवा हात सरळ पुढं केला, अंगठा उभा धरला, एक डोळा मिटला आणि चेहऱ्याची मापं घ्यायला लागले. कपाळ ते नाक, नाक ते हनुवटी. मान हलवली. पुढं आले, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि फलकावरच्या नाकावर घासायला लागले. घासायचे, मागं सरून बघायचे, पुन्हा पुढं यायचे. काही बोलतही होते. तिला ओठांवरून समजलं नाही.

आजूबाजूला सतत दहा-पंधरा माणसं होती. सगळे मोबाइल वर धरून फलकाचं शूटिंग करत होते. दुसऱ्या तासात एका तरुणानं अण्णांच्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगितलं. रागानं नव्हे, अदबीनंच. अण्णा त्याच्या फोनच्या चौकटीत येत होते. अण्णांनी मान डोलावली आणि दोन पावलं बाजूला झाले.

शेवटी एक बस आली, लोक तिच्याकडं धावले, आणि घाईत कुणीतरी वळल्यावर आपणही वळावं तसे अण्णा वळले. त्यांच्यात मिसळून बसमध्ये चढले. बस गेली. नोंद तिथं संपत होती.

ऋतुजानं सगळं चित्रण बघितलं नाही. मधला तास तिनं पुढं पळवला, तिला बघवेना. मग तिनं अण्णांचा चेहरा समोरून दिसणारं एक चित्र वेगळं काढलं आणि ते घेऊन ठाण्यात गेली.

मुल्लाणींनी ते चित्र बघितलं आणि खुर्ची मागं सारली. त्यांनी ते ताबडतोब जिल्ह्याच्या बेपत्ता कक्षाला पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. बाराव्या दिवशी, शनिवारी, रेल्वे जंक्शनच्या फलाटावर एक वृद्ध मृतावस्थेत सापडला होता. अंगावर जखम नाही, पोटात अन्न नाही. तीन दिवस वाट बघून पालिकेनं बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केले होते.

पण अण्णांचा फोटो तर पहिल्या दिवसापासून पोलिसांकडं होता, असं ऋतुजा म्हणाली. मुल्लाणींनी खाली बघत समजावलं. सापडलेल्यांचे चेहरे हरवलेल्यांच्या यादीशी संगणक जुळवून बघतो. यादीत फोटो सतत ताजा राहावा म्हणून तो थेट फलकांवरून येतो. गेल्या वर्षीच ही सोय केली.

"जुळला नाही ताई," ते म्हणाले. "मी स्वतः पण बघितलं होतं. त्या मयताचा फोटो पडद्यावर आला होता माझ्या. मला वाटलं, आपले आजोबा नाहीत हे."

दुसऱ्या दिवशी मायलेकी मोटारीनं जंक्शनला गेल्या. एका खोलीत टेबलावर फाइल उघडली गेली. शालननं फोटो हातात घेतला, नीट उजेडाकडं धरला. वाकडं नाक, अर्धी पापणी. "हो," ती म्हणाली. "हेच." मग तिनं सही केली. तिची सही अण्णांनी शिकवलेली, वळणदार. तिला वेळ लागला. बाहेर आल्यावर तिनं ऋतुजाला एकच विचारलं, ते आंबेखिंडीला उभे होते तो वार कुठला. ऋतुजाला खोटं सांगता आलं असतं. तिनं गुरुवार सांगितलं. म्हणजे शालन स्टँडवर येऊन जुना लाव म्हणाली त्यानंतर दोन दिवसांनी. शालननं पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसली. त्यानंतर ती ऋतुजाशी बोलली नाही. कामापुरतंही नाही. काही हवं असलं तर शेजारणीला सांगायची, आणि शेजारीण ऋतुजाला.

गावात बातमी पसरली. स्टँडवर तरुण मंडळानं श्रद्धांजलीचा मोठा फलक लावला. मध्ये दाढीवाले आजोबा, डोळ्यांत पाणी. खाली मंडळाच्या चौदा पदाधिकाऱ्यांचे चेहरे, या वेळी गंभीर केलेले. ऋतुजा मंडळाच्या अध्यक्षाकडं गेली, खरा फोटो घेऊन. निदान आता तरी हा लावा म्हणाली. अध्यक्ष भला माणूस होता, त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. फोटो हातात घेऊन दोनदा बघितला.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हा लावला तर लोकांना कळायचंच नाही, कोण गेलं ते."

तिनं आपल्या ताब्यातल्या फलकांवरून तो चेहरा काढला. बाकीचे एकतीस कंपनीच्या ताब्यात होते. कंपनीचं नाव नेत्रांगण. तिथल्या तन्वी देशमाने नावाच्या मुलीशी तिचं फोनवर बोलणं झालं. तन्वी फार हळू आवाजात बोलत होती आणि तिला खरंच वाईट वाटत असावं. तिनं आधी दुःख व्यक्त केलं. मग सांगितलं की चेहरा काढता येणार नाही, कारण तो आत्माराम लोहार यांचा नाही. कंपनीनं ताडून बघितलं होतं. साम्य एकतीस टक्के. कायद्यात माणसाचा चेहरा ठरायला सत्तर लागतात. हा चेहरा यंत्रणेनं तयार केलेला आहे, कुठल्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी त्याचा संबंध नाही, आणि करारात ते सगळं लिहिलेलं आहे. ऋतुजानं लॉक काढताना त्या कराराला होकार दिला होता.

"मग तो आहे कोण?" ऋतुजानं विचारलं.

"लोकांना बघायला आवडतो तो," तन्वी म्हणाली.

पंधरा दिवसांत आजोबा गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करायला लागले. आता ओठ थरथरल्यानंतर हाकही यायची, तेलाच्या नावाची. एका पतपेढीनं त्यांना ज्येष्ठांच्या ठेवींसाठी घेतलं. फोन अजून येत होते. आजोबा सापडले का, असं लोक विचारायचे, आणि ते गेले म्हणून सांगितलं तर काहींना पटायचं नाही, कारण त्यांनी सकाळीच त्यांना बघितलेलं असायचं.

ऋतुजानं गाळ्याचं शटर ओढलं. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण सांगायची. दुपारी घरात बसून तिनं एकदा कागदावर अण्णांचं नाक काढायचा प्रयत्न केला. तिला जमलं नाही. इतकी वर्षं चित्रांच्या धंद्यात काढून तिला हातानं नाक काढता येत नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळे मिटले की समोर येणारे अण्णा दाढीवाले असायचे. त्यांना बाजूला सारून खरे अण्णा आठवायला तिला फाइलमधला तो शेवटचा फोटो काढून बघावा लागायचा. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात एकच माणूस होतं.

मृत्यूचा दाखला तयार असल्याचा निरोप आला तेव्हा महिना उलटून गेला होता. दाखल्यावर शालनची सही लागणार होती, त्यामुळं दोघींना नगरपालिकेत जावं लागलं. जाताना रिक्षा मिळाली. येताना मिळाली नाही, म्हणून चालत निघाल्या, शालन पुढं, ऋतुजा चार पावलं मागं. दाखल्याचं पाकीट शालननं पदराखाली धरलं होतं. रस्ता स्टँडवरून होता.

तेलाचा फलक स्टँडच्या तोंडाशीच होता. दुपारची वेळ, गर्दी कमी. दोघी समोर आल्या तसं भिंगानं त्यांना टिपलं असावं. आजोबांनी मान वळवली. सावकाश, कुणीतरी फार दिवसांनी दिसावं तशी. डोळे भरून आले. मान किंचित कलती झाली. ती कलती मान आंबेखिंडीत शिकलेली होती. चार तासांत शेकडो प्रयत्न करून, तिच्या बापाला धरून ठेवण्यासाठी शिकलेली. ऋतुजाची पावलं थांबली. तिला पुढं जाता येईना. ती वर बघत राहिली, आणि आजोबांचे ओठ आणखी थरथरले.

मनगटावर हात पडला. शालन मागं फिरून आली होती. तिनं मुलीला जवळ ओढलं, तिचं डोकं हातानं खाली वाकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बघू नकोस," ती म्हणाली. "तू बघितलंस की तो शिकतो."

डांबराकडं बघत दोघी स्टँड ओलांडून गेल्या. एकतीस दिवसांत आई तिच्याशी पहिल्यांदाच बोलली होती.